बेवारस चालीचा पंचनामा

१९५९ सालच्या मे महिन्यात मी सरकारला एक साधा अर्ज केला. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात आमच्या चौघांच्या मंडळाला जाझ संगीताचा एक तुकडा वाजवू द्यावा, एवढंच त्यात लिहिलं होतं. मी शाळेत भूगोल शिकवतो. ॲमेझॉन नदी कुठून निघते आणि कुठं जाते हे मी डोळे मिटून सांगू शकतो, पण माझा तो अर्ज कुठून निघून कुठं जाणार आहे हे तेव्हा मला कोणी सांगितलं असतं, तर मी क्लॅरिनेट विहिरीत टाकून स्वस्थ बसलो असतो.

मंडळ आमचं छोटंसंच. मल्लिकार्जुनप्पा आमचे अध्यक्ष. यांचं बाजारात कापडाचं दुकान. खरेदीला म्हणून मुंबईला गेले, एका हॉटेलात जाझ ऐकून आले, आणि येताना कॉर्नेट नावाची एक आखूड तुतारी आणि एक तबकडी घेऊन आले. घरच्यांसाठी साड्या आणायच्या राहिल्या. त्यांच्या ग्रामोफोनचं काय बिघडलं होतं देव जाणे. तबकडी अशी गरगर फिरे की वाजवणाऱ्यांच्या मागं पोलीस लागलेत असं वाटे. जाझ म्हणजे असंच धावतपळत वाजवायचं, अशी आमची सगळ्यांची प्रामाणिक समजूत झाली. ढोलावर कल्याणप्पा. हे जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. हात दणकट आणि स्वभाव अतिशय नम्र. पेटीवर शारदाबाई. या कन्याशाळेत गाणं शिकवत. सोलापूरच्या मिशनच्या शाळेत शिकल्यामुळं पाच रेघांवर टिंबं काढलेलं ते साहेबी लिपीतलं संगीत त्यांना वाचता येई. साऱ्या तालुक्यात ही विद्या असलेल्या त्या एकट्याच, आणि हे त्या आम्हाला विसरू देत नसत.

"जहाज?" आमचे शेजारी माणिकप्पा म्हणाले. हे जुन्या काळातले पटवारी, आता पेन्शनीत. "इथं प्यायला पाणी न्हाई, गुरुजी, आन् तुम्ही जहाज कुठं चालवताव?"

"जहाज नाही हो, जाझ. संगीताचा प्रकार आहे."

"मंग तेरखेड्याहून फटाके आणा की. आवाज तोच, आन् लवकर संपतंय."

अशा लोकांत राहून मला कला जोपासायची होती.

आठ दिवसांनी अर्ज परत आला. समासात लाल शाईनं शेरा होता : 'सदर चाल कोणाचे मालकीची आहे याचा खुलासा नाही. दाखला जोडावा.' खाली गोपाळकृष्णपंतांची सही.

गोपाळकृष्णपंत म्हणजे तहसील कचेरीतले अव्वल कारकून. निजामाची राजवट गेली, नवी आली, पण पंतांची खुर्ची तीच राहिली. तिच्या मागच्या भिंतीवरची तसबीर तेवढी बदलली. बावीस वर्षं उर्दूत शेरे मारलेला माणूस, आता मराठीत मारत होता, आणि दोन्ही भाषांत त्यांचा अर्थ एकच होई : उद्या या.

"नवा कायदा आलाय, गुरुजी," पंत चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले. "सत्तावनचा. कॉपीराइट. कुणाची बी चाल उचलून वाजवायची, हे आता चालायचं न्हाई."

"पण पंत, ती तबकडीवरची चाल आहे. करणारा तिकडं अमेरिकेत बसलाय."

"म्हंजे मालक आहे, आन् कुठं राहतो हे तुम्हाला माहीत आहे." त्यांनी माझ्यापुढं कोरा कागद सरकवला. "तसं लिहून द्या."

मी लिहून दिलं नाही. तेवढी अक्कल मला होती. त्याऐवजी मुंबईच्या तबकड्यांच्या एका कंपनीला पत्र घातलं. त्यांचं उत्तर आलं. चाल वाजवण्याच्या हक्काचा त्यांचा दर वाचून मल्लिकार्जुनप्पांनी पत्र उलटं धरून पुन्हा एकदा वाचलं, की कदाचित त्या बाजूनं कमी दिसेल.

"मालक नसलेली चाल शोधू," ते शेवटी म्हणाले. "जगात एवढ्या चाली हायेत. एखादी तरी मोकाट सापडंलच की."

घरी मी हे वनमालेला सांगितलं. वनमाला म्हणजे माझी पत्नी. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही वाजवलेलं ऐकून कुणी ही चाल माझी आहे म्हणून सांगायला येईल, असं मला तरी वाटत न्हाई." मी बारा वर्षांचा संसार आठवला आणि क्लॅरिनेट पुसायला घेतलं.

मोकाट चाल कल्याणप्पांनी शोधून काढली. नळदुर्गला गंगम्मा म्हणून एक बाई होत्या. त्यांच्या म्हशीचं बाळंतपण कल्याणप्पांनी केलेलं. त्यांचा नवरा जुन्या राजवटीतल्या पोलिसांच्या बँडमध्ये होता आणि मरताना मागं कागदांची एक ट्रंक ठेवून गेला होता. एका रविवारी आम्ही चौघं एसटीनं नळदुर्गला गेलो. गंगम्मांनी आधी आम्हाला म्हैस दाखवली. मग रेडकू. मग ट्रंक.

ट्रंकेत वरच कागदांचा जाड गठ्ठा निघाला. साहेबी लिपी, शाई ठळक. मल्लिकार्जुनप्पांनी हात जोडले. शारदाबाईंनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग भराभर सगळी उलटली आणि चष्मा काढून पुसला.

"काय झालं, बाई?"

"सगळं मोठ्या ढोलाचं आहे. ही चाळीस पानं नुसतं ढम् लिहिलंय. मध्ये मध्ये थांबायचं, आन् परत ढम्."

कल्याणप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर त्यांच्या ढोलासाठी कोणी काही लिहून ठेवलं असेल, ही कल्पनाच त्यांनी केली नव्हती. तो गठ्ठा त्यांनी छातीशी धरला तो परत येईपर्यंत सोडला नाही.

आम्ही निघणार, तेवढ्यात शारदाबाईंना ट्रंकेच्या तळाशी पापडांखाली अंथरलेला एक कागद दिसला. पापड बाजूला झाले. कागदावर पूर्ण चाल होती. वरचा भाग मात्र उंदरांनी खाल्लेला. नाव नाही, कर्त्याचं नाव नाही, सालही नाही.

"या कागदाचे मालक कोण, गंगम्मा?" मी विचारलं. कायद्याच्या दृष्टीनं हे विचारणं माझं कर्तव्य होतं.

"मालक वारले की, गुरुजी," त्यांनी पदर सावरला. "सात वर्सं झाली."

"तसं नव्हे. ही चाल कोणी केली?"

"ते मला काय ठावं? घेऊन जावा. पापडाखाली मी दुसरं काय तरी घालीन."

मी मोठ्या उमेदीनं कचेरीत गेलो. पंतांनी कागद उजेडात धरला, वासही घेतला.

"करणारा माहीत न्हाई?"

"नाही."

"वारस?"

"तोही माहीत नाही."

"म्हंजे बेवारस." पंतांचा चेहरा एकदम उजळला. बेवारस या शब्दाची त्यांच्याकडं पूर्ण वहिवाट होती. बेवारस गाय, बेवारस सायकल, यात्रेत सापडलेला तांब्या, सगळ्यांची एकच रीत. आधी पंचनामा. मग दवंडी. मग तीस दिवस वाट बघायची. कोणी हक्क सांगितला नाही, तर दाखला.

"पण पंत, ही चाल आहे. वस्तू नाही."

"सापडली का न्हाई?"

"सापडली."

"मंग वस्तूच की, गुरुजी."

पंचनामा चावडीवर झाला. पंच म्हणून किराणा दुकानदार शिवप्पा आणि आमचे माणिकप्पा. मुद्देमाल हजर करा, असा हुकूम झाला. शिवप्पांनी कागद पुढं-मागं करून पाहिला आणि म्हणाले की यात काहीच ऐकू येत नाही. तेव्हा मुद्देमाल हजर करायचा म्हणजे वाजवूनच दाखवावं लागणार होतं. आम्ही वाजवलं. ग्रामोफोनकडून शिकलेल्या त्या भरधाव वेगात, श्वास न घेता. चावडीवरची कुत्री उठून गेली. पंतांचा कारकून लिहून घेऊ लागला. त्याची नक्कल माझ्याकडं अजून आहे. ती वाचली की अजूनही माझं डोकं तापतं :

'चाल नग एक. रंग नाही. लांबी अंदाजे दोन मिनिटं. मधे एके ठिकाणी अडखळते. तोंडाशी बरी, शेवटाकडे खराब झालेली. किंमत : काही नाही.'

"किंमत काही नाही असं का लिहिलं?" मी उसळून विचारलं.

"पंचांनी सांगितलं," कारकून म्हणाला.

मी पंचांकडं पाहिलं. माणिकप्पा चावडीच्या आढ्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. आठवडी बाजार होता, चारी बाजूंच्या खेड्यांचे लोक आलेले. दवंडीवाल्याला 'चाल' ही काय वस्तू आहे ते कोणी समजावून सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं आपल्या समजुतीप्रमाणं दुरुस्त करून ओरडायला सुरुवात केली : "बेवारस चाळ सापडलाय होऽऽ! ज्याचा असंल त्यानं कचेरीत येऊन ओळख पटवून घेऊन जावाऽऽ!"

चौथ्या दिवशी सास्तूरहून बैलगाडी जोडून गुंडाप्पा आले. हे गोंधळी. पायात बांधायचा पितळी घुंगरांचा चाळ त्यांचा तुळजापूरच्या यात्रेत हरवला होता. एवढ्या लांबून ऊन खात आलेल्या माणसाला चाळ नाही, चाल आहे, हे पटवताना माझा अर्धा दिवस गेला.

"बरं, चाळ न्हाय तर न्हाय," गुंडाप्पा शेवटी खांद्यावरचं उपरणं झटकत म्हणाले. "आलोच हाय तर चाल घिऊन जातो."

"अहो, पण ती तुमची नाही!"

"तुमची तरी कुठं हाय?"

पंतांनी ताबडतोब नव्या दाव्याची मिसल, म्हणजे फाईल, उघडली : 'गुंडाप्पा विरुद्ध जाझ मंडळ.' ओळख पटवण्यासाठी दावेदारानं आपली चाल म्हणून दाखवावी आणि मंडळानं सापडलेली वाजवावी, मग पंचांनी दोन्ही ताडून पाहावं, असं ठरलं. गुंडाप्पा चावडीच्या पायरीवर बसले आणि त्यांनी आपल्या आजोबांची चाल अशी म्हटली, की बाजारातले लोक तराजू सोडून आले. मग आम्ही आमची वाजवली. लोक परत तराजूकडं गेले.

गुंडाप्पांनी मान खाली घालून ती शेवटपर्यंत ऐकली. मग हळूच पंतांना म्हणाले, "साहेब, माझं म्हननं मी माघारी घेतो. ही माझी म्हनून सांगाया मला तोंड न्हाय ऱ्हायचं. आमच्यात पोरींची लग्नं व्हायची हायेत." आणि अंगठा उठवून निघून गेले.

दावा आम्ही जिंकला. असा विजय परमेश्वरानं शत्रूलाही देऊ नये.

तीस दिवस सरले. पंतांनी दाखला दिला : 'सदर चाल बेवारस असून तीवर कोणाचाही हक्क नाही.' गोल शिक्का, तारीख, सही. मल्लिकार्जुनप्पांनी तो काच लावून दुकानात टांगायचं म्हटलं, पण मी खिशातच ठेवला. हेडमास्तरांनी कार्यक्रमपत्रिकेत आमचं नाव छापलं होतं. सासुरवाडीची मंडळी लोहाऱ्याहून येणार होती. आता मागं फिरणं नव्हतं.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर मंडप. झेंडावंदन झालं, मुलींचं गीत झालं, मग प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी पंत हाराचं तबक घेऊन उभे राहिले. पाहुणे म्हणजे प्रांतसाहेब. खानदेशाकडचा तरुण माणूस, महिन्यापूर्वीच बदलून आलेला. पुढच्या खुर्च्यांवर गावातली वडीलधारी मंडळी : माणिकप्पा, दोन पेन्शनीतले जमादार, जुने वकील.

आम्ही मंचावर गेलो. मी मान हलवून इशारा केला. कल्याणप्पांनी टिपरं उचललं, त्यांची नजर प्रांतसाहेबांवर पडली, आणि माझा घात झाला. एवढ्या मोठ्या साहेबासमोर धडाधडा बडवणं कल्याणप्पांच्या नम्र स्वभावाला पटेना. त्यांनी अदबीनं, दोन श्वासांचं अंतर ठेवून, ढम् केलं. मग पुन्हा, तितक्याच अदबीनं, ढम्.

ढोल चालेल तसं बाकीच्यांना चालावं लागतं. चाल एकदम निम्म्या गतीवर आली. आजवर तिला आम्ही कधी चालूच दिलं नव्हतं, नुसतं पळवलं होतं. आता ती सावकाश, डौलात, एकेक पाऊल टाकत बाहेर येऊ लागली आणि मला वाटलं, हिला कुठंतरी पाहिलंय.

पहिल्या रांगेत माणिकप्पा उठून उभे राहिले. हात पुढं बांधलेले, मान खाली. त्यांच्यामागं दोन्ही जमादार उठले आणि त्यांचे उजवे हात आपोआप कपाळाकडं गेले. वकील उठले. हातातल्या तबकासकट पंतांनी टाचा जुळवल्या. आणि त्याच क्षणी, क्लॅरिनेट तोंडात असताना, माझेही पाय एकमेकांना चिकटले. मला आठवलं. सुभेदाराची, म्हणजे निजामाच्या बड्या अधिकाऱ्याची, स्वारी यायची तेव्हा आम्हा शाळेच्या पोरांना सकाळपासून उन्हात रस्त्याच्या कडेला उभं करायचे. धूळ उडायची, मोटार यायची, आणि पोलिसांचा बँड हेच वाजवायचा. निजामी राजवटीची सरकारी सलामी. ती मी, सरकारी शाळेतला शिक्षक, स्वातंत्र्यदिनी, तिरंग्याखाली, प्रांतसाहेबांच्या तोंडावर वाजवत होतो.

थांबावं, तर का थांबलास म्हणून विचारतील. वाजवावं, तर नोकरी जाईल. पेटीवरून शारदाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मल्लिकार्जुनप्पा मात्र आनंदात होते. आपल्या वाजवण्याला लोक उठून दाद देताहेत असं वाटून त्यांनी गाल आणखी फुगवले.

प्रांतसाहेबांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. सगळी वडीलधारी मंडळी उभी. या भागाचा काहीतरी रिवाज असावा, असं समजून तेही चटकन उठले. साहेब उठले म्हणताच मागचा अख्खा मंडप उठला. एवढी माणसं मानानं उभी राहिलेली पाहून कल्याणप्पांना भरून आलं आणि त्यांनी ढोल आणखी सावकाश केला. दोन मिनिटांची चाल पाच मिनिटं चालली. त्या पाच मिनिटांत मी शाळेतून बडतर्फ झालो, वनमालेला घेऊन लोहाऱ्याला सासुरवाडीत राहायला गेलो, आणि सासऱ्यांच्या शेतात राखणदार म्हणून लागलोही.

ती संपली. कोणी टाळी वाजवेना. साहेबांनी मला जवळ बोलावलं.

"फार गंभीर आहे हो तुमचं जाझ. कोणाची चाल ही?"

मी खिशातून दाखला काढून पुढं केला. साहेबांनी तो वाचला, शिक्का पाहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मग भाषणात ते म्हणाले की, संगीताला उभं राहून मान देणारं असं रसिक गाव मी आजवर पाहिलं नाही. रसिक गाव खाली मान घालून ऐकत होतं. एरवी कोणाच्या घरी पाहुणे आले तरी तासाभरात वेशीपर्यंत बातमी नेणारं आमचं गाव; त्या दिवशी साहेबांची जीप दिसेनाशी होईपर्यंत एकानंही तोंड उघडलं नाही. सगळेच उभे राहिले होते ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गोपाळकृष्णपंत. उभ्या जन्मात ते माझ्या घरी आले नव्हते. संपलं, म्हणालो मनाशी. साहेबांना कोणीतरी सांगितलं असणार. वनमालेनं पुढं सतरंजी टाकली आणि आत जाऊन दाराआड उभी राहिली.

पंत टोपी काढून बसले. मग म्हणाले, "गुरुजी, वाद्य घरी आहे का शाळेत?"

"घरीच आहे." जप्ती असणार.

"मंग ती कालची चाल जरा वाजवा की. हळू, काल वाजवली तशी."

"आता? इथं? पंत, मी चुकून..."

"ते जाऊ द्या हो." त्यांनी दाराकडं एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. "बावीस वर्षं ऐकली. दर वेळी उभं राहून, मान खाली घालून. कधी साहेबाच्या बुटाकडं लक्ष, कधी आपल्या टोपीकडं. चाल कशी आहे ते कधी ऐकलंच न्हाई. एकदा बसून ऐकावी म्हटलं."

मी क्लॅरिनेट काढलं. ढोल नाही, पेटी नाही, कॉर्नेट नाही. एकट्यानं, बसूनच, पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाजवली. मधे एके ठिकाणी पंतांचे गुडघे हलले. पण त्यांनी दोन्ही हातांनी ते धरून ठेवले आणि बसून राहिले. वनमाला चहा घेऊन आली होती, ती उंबऱ्यातच थांबली.

वाजवून झालं. पंतांनी चहाची बशी उचलली, फुंकर घातली, एक घोट घेतला आणि थोडा वेळ विचार केला.

"तशी काही खास न्हाई हो," ते म्हणाले.